राहिलेले वचन

गेल्या पंधरवड्यातील गोष्ट. बिडकीनच्या घरी ओसरीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडून बसलो असता मोबाईलवर चार ओळींचा एक निरोप आला. “पुढील महिन्यात परीक्षेच्या कामासाठी सोमवारी आपल्या शहरी येत आहे. काम त्याच दिवशी आटोपेल. मंगळवार मोकळा आहे. सवड असेल तर शहर आणि वेरूळ दाखवाल का? अडचण असल्यास मोकळेपणाने कळवावे.” खाली नाव होते, ते तिचे माहेरचे.

ही बाई एके काळी माझी पत्नी होती. १९९४ साली आमचे लग्न झाले. नऊ वर्षे आम्ही मुंबईस संसार केला आणि २००३ साली दोघांनी एकाच अर्जावर सह्या करून तो न्यायालयात मोडला. ती विदर्भात आपल्या माहेरगावी परतली व तेथे एका महाविद्यालयात शिकवू लागली. मी गावाकडे आलो, शहरात नोकरी धरली, यथावकाश दुसरा विवाह केला. माझी आई वारली तेव्हा तिचे सांत्वनाचे पत्र आले होते. त्यापलीकडे आमच्यात व्यवहार असा उरला नव्हता.

निरोप वाचताच माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की, वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. आणि दुसरा विचार येण्यापूर्वीच मला हायसे वाटले. “वेरूळ मंगळवारी बंद असते, पुढच्या खेपेस अवश्य पाहू,” एवढे उत्तर सभ्यतेस पुरेसे होते, आणि त्यात असत्य असे एक अक्षरही नव्हते. मी ते लिहिलेही. परंतु ‘पुढच्या खेपेस’ ह्या दोन शब्दांपाशी बोट थबकले. कारण ते शब्द मी पूर्वी वापरलेले होते.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती प्रथम बिडकीनला आली. घरात पाहुण्यांची वर्दळ, बाहेर वैशाखाचे ऊन. चार दिवस स्वयंपाकघरात व ओट्यावर गेले. परत जाताना शहराच्या बसस्थानकावर मुंबईच्या गाडीची वाट पाहत उभे असता वेरूळची पाटी लावलेली गाडी समोरून गेली, आणि मी म्हणालो, “पुढच्या खेपेस तुला वेरूळ नक्की दाखवीन.” त्यानंतर ती दोनदा आली. एकदा आईचे दुखणे निघाले, एकदा माझ्यामागे परीक्षांची कामे होती. दोन्ही वेळा त्याच बसस्थानकावर तेच वाक्य मी उच्चारले. चौथी खेप आमच्या संसारात आली नाही.

आता प्रश्न असा की, जो संबंध कायद्याने, समाजाने आणि आमच्या स्वतःच्या राजीखुशीने संपला, त्या संबंधात दिलेले वचन त्याबरोबरच संपते काय? प्रश्न क्षुल्लक वाटेल. एका दिवसाच्या सहलीवरून नीतिशास्त्राच्या अंगणात शिरण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. परंतु मोठी वचने पाळण्याचे प्रसंग आयुष्यात थोडे. आपली पारख बहुधा लहान वचनांवरच होते. शिवाय असे दुरावलेले लोक आता प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंबाच्या गोतावळ्यात एखाददुसरे तरी असतात, आणि त्यांच्याशी वागावे कसे ह्याची शिकवण आपल्याला वडीलधाऱ्यांकडून मिळालेली नाही.

शिकवण तर राहोच, भाषादेखील मिळालेली नाही. पूर्वीच्या पत्नीला मराठीत काय म्हणावे? ‘माजी’ हे विशेषण आपण मंत्र्यांना व आमदारांना लावतो. ‘घटस्फोटिता’ ह्या शब्दात तिची स्थिती कळते, माझ्याशी असलेले नाते कळत नाही. सर्वनामाचीही तीच अडचण. संसारात मी तिला ‘तू’ म्हणत असे व ती मला ‘तुम्ही’. आज ‘तू’ म्हणण्याचा अधिकार मजकडे राहिलेला नाही. ‘तुम्ही’ म्हणावे तर नऊ वर्षे पुसून टाकल्यासारखे होते. उत्तर लिहिताना मी ‘आपण’ ह्या शब्दाचा आश्रय घेतला. मराठीत ‘आपण’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’, आणि ‘आपण’ म्हणजेच ‘तू व मी मिळून’. ह्या दोन अर्थांच्या आडोशाला उभे राहण्यात थोडी लबाडी आहे, हे मला कळते.

‘घटस्फोट’ हा शब्द तर अधिकच विचार करावयास लावणारा आहे. तो मूळचा विवाहाचा नव्हे, बहिष्काराचा शब्द. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात हा विधी आला आहे. जो पतित झाला, त्याचे आप्त गावाबाहेर जमत; दासीकडून पाण्याचा घट पायाने लवंडवीत; आणि तो मनुष्य जिवंत असताना मेला असे मानून त्याचे सुतक पाळीत. पुढे त्याच्याशी बोलणे नाही, एकत्र बसणे नाही. जिवंताला मृत ठरविण्याचा हा विधी होता, आणि त्याचेच नाव आपण विवाहविच्छेदाला दिले. बहुजनसमाजातील ‘काडीमोड’ हा शब्द मला त्याहून प्रामाणिक वाटतो. काडी मोडली, एवढेच तो सांगतो. काडी धरणाऱ्यांपैकी कोणी मेले, असे सांगत नाही. तथापि त्याच मनुस्मृतीत त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट आहे, तिची आठवण आपण ठेवली नाही. पतिताने प्रायश्चित्त केले, तर आप्तांनी त्याच्यासह शुद्ध जलाशयात स्नान करावे व पाण्याने भरलेला नवा घट त्या पाण्यात सोडावा. जुना घट सांधण्याची कल्पना त्यात नाही. घट नवा असावा, असेच सांगितले आहे.

कायद्याकडे वळले तर तेथेही उत्तर वाटते तितके सरळ नाही. ह्या देशात विवाहविच्छेदाची मोकळीक टप्प्याटप्प्याने आली. कौटिल्याने परस्परांच्या द्वेषामुळे पतिपत्नींना मोकळे होता येते असे म्हटले खरे, पण धर्मविवाहांना ती सवलत दिली नाही. अर्वाचीन काळात सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्याने १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला, मुंबई प्रांताने १९४७ साली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने तो अधिकार देशभर दिला, आणि परस्परसंमतीचे कलम त्यात १९७६ साली आले. आमची सुटका ह्या शेवटच्या कलमाखाली झाली. यापुढे एकमेकांवर कसलाही हक्क राहिलेला नाही, अशा अर्थाचे वाक्य आमच्या अर्जात होते, आणि त्याखाली माझी सही आहे.

मात्र हाच कायदा दुसऱ्या एका ठिकाणी निराळे बोलतो. विवाहात पतिपत्नींनी परस्परांना विश्वासाने सांगितलेली गोष्ट न्यायालयात उघड करण्यास भाग पाडता येत नाही, व दुसऱ्याच्या संमतीवाचून ती उघड करताही येत नाही, असा सर्वसाधारण नियम १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात होता. २०२३ च्या नव्या साक्ष अधिनियमातही तो आहे. विवाह संपल्यावर हे संरक्षण राहते काय, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाने १९६८ साली असा निर्णय दिला की, बोलणे झाले त्या वेळी ती दोघे पतिपत्नी होती की नाही, एवढेच पाहावयाचे. साक्षीच्या वेळी ती पतिपत्नी आहेत की नाहीत, हे पाहण्याचे कारण नाही. म्हणजे विवाह गेला तरी विवाहातील गुपित जात नाही. कायद्याचे राहू द्या. तिने मध्यरात्री मला सांगितलेली तिच्या बालपणीची एखादी गोष्ट मी आज मित्रांच्या बैठकीत सांगितली, तर तो नीचपणा होय, हे सांगण्यास न्यायाधीश लागत नाही.

ह्यावरून एवढे तरी सिद्ध होते की, संबंधाबरोबर सर्वच वचने विझत नाहीत. मग विझतात ती कोणती व उरतात ती कोणती? मला एक साधी कसोटी सुचते. जे वचन विवाहावाचून पाळताच येत नाही, ते विवाहाबरोबर गेले. एकत्र राहू, एकत्र म्हातारे होऊ, ही वचने दोघांनी मिळून परत घेतली. त्यांचा उच्चारही आता अनुचित. परंतु जे वचन केवळ विवाहात असताना दिले गेले, व ज्याच्या पालनास विवाहाची गरज नाही, ते वचन देणाऱ्याच्या अंगावरच राहते. ‘कसलाही हक्क नाही’ ह्या वाक्याने तिचा मागण्याचा हक्क संपला; माझे कर्तव्य त्या वाक्याने संपले असे म्हणता येत नाही. हक्क आणि कर्तव्य ही एकाच नाण्याची दोन अंगे होत, असे आम्ही वर्गात शिकवितो. पण प्रत्यक्ष व्यवहारात पुष्कळशी कर्तव्ये अशी असतात की, ती मागण्याचा हक्क कोणालाच नसतो.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या नवव्या भागात सरलेल्या मैत्रीचा विचार केला आहे. मित्र पालटला, वाटा वेगळ्या झाल्या, तर त्याच्याशी परक्यासारखे वागावे काय? तो म्हणतो की, परक्यापेक्षा मित्राला आपण झुकते माप देतो. तद्वत जो एके काळी मित्र होता त्यालाही त्या पूर्वीच्या स्नेहासाठी काही अधिक दिले पाहिजे. अपवाद फक्त अतिशय दुष्टपणाने तुटलेल्या मैत्रीचा. किती अधिक, हे त्याने सांगितले नाही. ते सांगता येण्याजोगे नाहीच.

आपल्याकडील एक उदाहरण आठवते. लहानपणी झालेले लग्न आपणास मान्य नाही म्हणून डॉ. रखमाबाई १८८४ पासून १८८८ पर्यंत मुंबईच्या न्यायालयात झगडल्या. वेळ पडल्यास तुरुंगात जाईन, पण नांदावयास जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. अखेर दादाजी भिकाजींना दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. आणि १९०४ साली दादाजी वारले तेव्हा ह्याच बाईंनी विधवेचे पांढरे वस्त्र धारण केले. का केले, ह्याचे उत्तर त्यांच्यापाशीच राहिले. रूढीचा दाब म्हणावा तर ज्यांनी सर्व समाज अंगावर घेतला त्यांना तो किती वाटला असेल? मी एवढेच म्हणतो की, जे नाते त्यांनी कधी पत्करलेच नाही त्याचाही काहीतरी शेष त्यांनी मानला. मग नऊ वर्षे नांदलेल्या नात्याचा शेष नाही असे मी कोणत्या तोंडाने म्हणावे?

वचन राहिले आहे असे एकदा ठरल्यावर दिवसाची आखणी करावयास बसलो, आणि येथेच खरी अडचण समोर आली. आपले शहर दाखविण्यात अवघड ते काय? पाहुणे आले की, आम्ही मंडळी ठरलेल्या क्रमाने त्यांना फिरवून आणतो. परंतु ह्या वेळी प्रत्येक स्थळापाशी मला थांबावे लागले.

प्रथम बीबीचा मकबरा. औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू १६५७ साली ह्या शहरात वारली. तिची ही कबर तिच्या मुलाने, आझमशहाने, उभारली असे सामान्यतः सांगतात. पूर्वीच्या पत्नीला घेऊन प्रथम एका पत्नीच्या कबरीवर जावयाचे, हे मला विचित्र वाटले व मी ते नाव खोडले. मग विचार केला, आणि पुन्हा लिहिले. ह्या वास्तूवर लोक एक मोठा अन्याय करीत आले आहेत. जो येतो तो तिला ताजमहालाची नक्कल म्हणतो व नक्कल साधली नाही म्हणून हिणवतो. ताजमहाल मनात न आणता पहाटेच्या धुक्यात मागे डोंगर असलेला तो घुमट ज्याने पाहिला आहे, तो असे म्हणणार नाही. एखादी गोष्ट अमुक झाली नाही एवढ्यावरून ती फसली असे ठरविण्याची आपली खोड आहे. टिकला नाही तो संसार फसला, असे आम्हा दोघांबद्दल सर्वांनी म्हटले, आम्हीही म्हटले. परंतु त्या नऊ वर्षांत आम्ही एकमेकांना वाचावयास शिकविले, तिने मला आजारात जपले, आम्ही पुष्कळ हसलो. तो संसार ताजमहाल झाला नाही, इतकेच. आग्र्यास पतिपत्नी एका घुमटाखाली आहेत. येथे दिलरसबानू शहरात आहे, आणि औरंगजेब तिच्यानंतर पन्नास वर्षांनी, १७०७ साली वारला, आणि त्याला पुरले ते खुलताबादेस, एका सत्पुरुषाच्या सान्निध्यात, उघड्या मातीच्या कबरीत. दोन्ही कबरी एकाच रस्त्याच्या दोन टोकांना आहेत, आणि त्या रस्त्याने आम्हाला जावयाचे आहे.

मकबऱ्याजवळच पाणचक्की. तेथे रम्य सावली आहे, व चढण नाही. दूरच्या डोंगराकडील पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून आणून त्याच्या जोरावर दळण दळण्याची ती युक्ती अठराव्या शतकातील आहे. शहराला असे पाणी पाजण्याची परंपरा मलिक अंबराची. त्यानेच १६१० च्या सुमारास खडकी ह्या खेड्यापाशी हे नगर वसविले. ते पुढे फतेहनगर झाले, मग औरंगाबाद झाले, आणि २०२३ साली छत्रपती संभाजीनगर झाले. ती बिडकीनला येत असे तेव्हा शहराचे नाव वेगळे होते व तिचेही वेगळे होते. लग्नात आम्ही तिचे नाव बदलले. ते तिने परत घेतले. आज ती व हे शहर दोघेही नव्या नावांनी भेटतील. निरोपाच्या उत्तरात मी तिचे माहेरचे नाव प्रथमच लिहिले, आणि ते लिहिताना असे जाणवले की, ह्या नावाच्या व्यक्तीशी माझी ओळख तशी थोडीच आहे.

दौलताबादचा किल्ला खालूनच पाहावा असे ठरविले. शेकडो पायऱ्या चढण्याची आमची वये राहिली नाहीत, आणि त्या प्रसिद्ध अंधाऱ्या वाटेत हात देण्याचा प्रसंग येतो. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीची राजधानी येथे आणली व पुढे परत नेली, ही गोष्ट शाळेतील मुलांना विनोदाची वाटते. ज्यांना उठविले, पुन्हा परतविले, त्यांच्या दोन्हीकडच्या घरांचे काय झाले असेल, हा विचार वाढत्या वयात येतो. पायथ्याशी पेरू मिळतात. ते घ्यावयाचे.

आता वेरूळ. तेथे दुपारी पोचावयाचे, कारण कैलास लेण्याचे मुख पश्चिमेकडे आहे व उतरत्या उन्हात तो दगड जिवंत होतो. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला ह्याच्या काळचे, आठव्या शतकातील हे मंदिर बांधलेले नाही; डोंगर वरून खाली कोरीत आणून त्यातून मोकळे केलेले आहे. बांधकामात चुकलेली वीट काढून दुसरी बसविता येते. कोरीव कामात सुटलेला टवका पुन्हा लावता येत नाही. झालेल्या घावासकट पुढची आकृती साधावी लागते. चौतीस लेण्यांपैकी आणखी एकच दाखवावयाचे, एकविसावे, रामेश्वराचे. त्या एका लेण्यात शिवपार्वतींचा विवाहही कोरलेला आहे व दोघे सारीपाट खेळत असल्याचा देखावाही. प्राचीन शिल्पकारांना पतिपत्नी म्हणजे पाणिग्रहण आणि प्रतिस्पर्धा ही दोन्ही, हे ठाऊक होते. आम्ही पहिल्या शिल्पापुढे थोडे व दुसऱ्यापुढे अधिक थांबू, असे वाटते.

एवढे कागदावर उतरल्यानंतर मला माझाच संशय आला. सर्व इतके नीटनेटके, इतके विचारपूर्वक आखण्यामागे हेतू काय? वेरूळचे वचन हे माझे लहान देणे आहे. मोठे देणे निराळेच आहे. तिच्या वडिलांच्या अखेरच्या आजारात तिने मला तीनदा बोलावले आणि मी उत्तरपत्रिकांची सबब सांगून गेलो नाही. गेलो तो तेराव्याला. तिने त्याबद्दल मला एका शब्दाने दोष दिला नाही, परंतु त्यानंतर आमच्या घरातील बोलणे हळूहळू आटत गेले. न्यायालयातील सह्या पुढच्या. संसार खरा मोडला तो तेव्हा. आता वेरूळ दाखवून मी हे मोठे देणे झाकू पाहत आहे काय? लहान कर्ज व्याजासह फेडणारा मनुष्य मोठ्या कर्जाबद्दल सावकाराने तोंड उघडू नये अशीच तजवीज करीत असतो.

भवभूतीच्या उत्तररामचरिताचा तिसरा अंक येथे मला आठवल्यावाचून राहिला नाही. सीतेचा त्याग केलेला राम बारा वर्षांनी गोदातीरी पंचवटीत येतो. वासंती ही वनदेवता त्याला एकेक ओळखीचे स्थळ दाखविते. आणि सीता त्याच्या शेजारीच असते, पण भागीरथीच्या प्रभावाने ती त्याला दिसत नाही. राम शोक करतो, मूर्च्छित पडतो. सीता सर्व ऐकते. त्यक्त पत्नीसह स्थलदर्शन करण्याचा ह्याहून हृदयद्रावक प्रसंग आपल्या वाङ्मयात नसेल. परंतु वय वाढले तसे मला त्यात एक गोष्ट खटकू लागली. ज्याने अपराध केला तो बोलतो, आणि जिच्यावर तो झाला ती अदृश्य राहून ऐकते. नाटकात हे शोभते. आमच्या एका दिवसात मात्र मी बोलत राहिलो, मलिक अंबर आणि राष्ट्रकूट सांगत राहिलो, तर तीही त्या सीतेसारखी अदृश्यच व्हावयाची. म्हणून आखणीतून मी दोन स्थळे काढून टाकली, आणि गाडीतील वेळ मोकळा ठेवला. बोलावेसे वाटले तर तिने बोलावे. न वाटले तर रस्ता पाहावा.

आणि मोठ्या देण्याचे काय? क्षमा मागणे हीसुद्धा एक मागणीच असते, ह्या विचाराने मी प्रथम गप्प राहण्याचे ठरविले; मग लक्षात आले की, हा विचार माझ्या फार सोयीचा आहे. ज्याचे देणे फेडता येत नाही त्याने निदान ते कबूल करावे. पण केव्हा? वेरूळाच्या सांजवेळी, सूर्य कैलासावर असताना, हे बोलणे अतिशय शोभले असते, आणि म्हणूनच ते तेथे बोलू नये. दिवसभर पाहुणचार करून संध्याकाळी क्षमा मागणे म्हणजे पाहुणचाराची किंमत मागणे होय; कोणती सभ्य स्त्री त्या वेळी नाही म्हणेल? सांगावयाचे तर सकाळी, गाडी निघण्यापूर्वी, दोन वाक्यांत. म्हणजे ऐकून तिला परत जावेसे वाटले तर जाता येईल, उत्तर द्यावेसे वाटले तर सारा दिवस पुढे आहे, आणि काहीच बोलावेसे वाटले नाही तर पाणचक्कीची सावली आहे. दिवसाच्या आखणीतील माझा सर्व शहाणपणा म्हणाल तर एवढाच आहे.

एक प्रश्न राहिला, लोकांचा. बिडकीनसारख्या गावात काही झाकून राहत नाही. शेजारी औद्योगिक वसाहतीचे रुंद रस्ते आले, सुमारे आठ हजार एकर जमिनीचे रूप पालटले, परंतु “ह्या कोण?” असे विचारण्याची पद्धत पालटलेली नाही. गाडीवाला विचारील, मकबऱ्यावर एखादा विद्यार्थी भेटेल. काय सांगावे? उत्तर आमच्या मराठवाड्याच्या बोलीतच सापडले. आमच्याकडे सोयऱ्याला पाव्हणा म्हणतात, आणि वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही पाव्हणाच म्हणतात. जी कधी सोयरी होती व आज जवळजवळ अनोळखी आहे तिला ह्याहून खरा शब्द नाही. पाहुण्या आहेत, असे सांगेन.

हे सर्व ठरवण्याच्या आधी अर्थातच मी घरी बोललो होतो. जे घरात उघडपणे सांगता येत नाही ते करू नये, ही माझ्या मते अशा बाबतीतील पहिली पायरी. पत्नीने निरोप वाचला. थोडा वेळ ती काही बोलली नाही. तेवढा वेळ घेण्याचा तिचा अधिकार होता. मग तिने विचारले, “तुम्ही काय कळवताय?” मी मंगळवारची अडचण सांगितली, पुढच्या खेपेस पाहू असे लिहावे म्हणतो, असेही सांगितले. बसस्थानकावरील गोष्ट तिला मी पूर्वी कधीतरी सांगितली होती, हे मी विसरलो होतो. ती विसरली नव्हती. ती म्हणाली, “अहो, दाखवीन म्हणाला होतात ना? मग त्यांना एक दिवस जास्त राहता येईल का, ते विचारा की.” आणि उठून आत गेली.

लिहिलेले उत्तर पुसून मी तसे विचारले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका शब्दाचे उत्तर आले : “राहते.”

आम्ही बुधवारी जाणार आहोत.